वाटेत ठेवलेली कावड

एका गावात एकच माप होतं, आणि ते म्हणजे टोपली. धान्य टोपलीने मोजायचं, शेणखत टोपलीने मोजायचं आणि माणसाचे कष्टसुद्धा टोपलीनेच मोजायचे. गावातल्या सगळ्या टोपल्या एकाच बुरडाने विणलेल्या होत्या. सगळ्यांचं तोंड सारखं, खोली सारखी. गावचा पाटील आल्यागेल्याला मिशीवरून हात फिरवत सांगायचा, "आमच्या गावात दुजाभाव न्हाई. माझी टोपली जेवढी, तेवढीच कुंभाराची. वाटलं तर मोजून बगा." पाहुणे खरंच मोजून बघायचे आणि मान डोलवत जेवायला बसायचे.

आता या सारखेपणाच्या आत काय भरलेलं होतं, ते ऐका.

गावाच्या वर, डोंगराच्या बगलेत एक तळं होतं आणि तळ्याला एक बांध होता. दगडांनी बांधाला वजन यायचं. चिकणमातीने दगड एकमेकांना धरून राहायचे. आणि माती वाळताना तडकू नये म्हणून लोक तिच्यात थोडं थोडं भाताचं तूस कालवायचे. दरवर्षी सुगी आटोपली की तळ्यात येणारा ओढा बाजूला वळवायचा, झिजलेला बांध पुन्हा उभा करायचा आणि मग ओढा परत तळ्यात सोडायचा. तेच पाणी गावाला उन्हाळाभर पुरायचं; काम चालू असताना वळवलेल्या ओढ्याचं पाणीही घरोघर पाळीनेच मिळायचं. उन्हं तापली की ओढा आटायचा, त्यामुळे हे काम वेळेत उरकावं लागायचं.

कामाची रीत अशी होती. प्रत्येक घरातून एक माणूस आणि एक कावड. बांबूच्या दोन्ही टोकांना एकेक टोपली, बांबू खांद्यावर, आणि समोर डोंगराची वाट. पायथ्याशी दगडांचा, मातीचा आणि तुसाचा असे ढीग पडलेले असायचे. सगळ्यांनी सारख्या खेपा करायच्या. ज्या घराची कावड बांध पुरा व्हायच्या आत थांबेल, त्या घराची पाण्याची पाळी वर्षभर बंद.

कुणाच्या टोपलीत काय भरायचं, ते मात्र पाटील ठरवायचा. चिंचेखाली बाजेवर बसून तो काठीने दाखवायचा. ह्याला माती. त्याला तूस. तिला दगड.

त्या काठीची गंमत अशी, की ती पाटलाच्या जावयाकडे वळली की तूसच दाखवायची. भावकीकडे वळली की तूस. पाटलाच्या विनोदाला मोठ्याने हसणाऱ्यांकडे वळली तरी तूस. तुसाने शिगोशीग भरलेली कावड घेऊन जावई शीळ घालत डोंगर चढायचा आणि वर पोचला की उपरण्याने कपाळ पुसायचा. कपाळावर घाम नसायचा, पण सगळ्यांदेखत पुसायचा.

गावाच्या कडेला एक कुंभार आणि त्याची कुंभारीण राहत होती. त्या वर्षी भट्टी ढासळून कुंभाराचा पाय भाजला. बसल्याजागी तो चाकावर मडकी घडवू शकत होता, पण डोंगर चढणं त्याला शक्य नव्हतं. म्हणून घराची कावड कुंभारणीच्या खांद्यावर आली. पाळी बंद झाली तर माती भिजणार नव्हती. माती भिजली नाही तर चाक फिरणार नव्हतं, आणि चाक थांबलं की घरातली चूलही थांबणार होती. हे कुंभारणीला कुणी समजावून सांगायला नको होतं. ते पाटलालाही पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर काठी तिच्याकडे वळली की बिनदिक्कत दगड दाखवायची.

कुंभारीण दगड वाहू लागली. कावड खांद्यावर घेतली की बांबूची दोन्ही टोकं खाली झुकायची. चालताना बांबू तिच्या पावलांबरोबर खालीवर व्हायचा. बांधावर पोचून तिने टोपल्या उपड्या केल्या की तोच बांबू पुन्हा सरळ व्हायचा. एकदा पाटील काम बघायला वर आला होता. त्याने हे पाहिलं आणि तो खूश झाला.

"बगा रं बगा! किती वाकला हुता, आन् वजन गेलं की पुन्यांदा सरळ! ह्याला म्हंत्यात बांबू. आन् हिला म्हंत्यात बाई. कितीबी टाका, कुरकुर न्हाई. सोशीक हाय!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी कुंभारणीच्या दोन्ही टोपल्यांत दगडांची शीग चढलेली होती.

मला त्या टाळ्यांचा संताप येतो. वाकून पुन्हा सरळ होणाऱ्याला पाहून 'याला किती लागत असेल' असं कुणाच्या मनात येत नाही, 'याच्यात अजून जागा दिसते' असंच येतं. सोशीक, समजूतदार, सगळ्यांचं सांभाळून घेणारी, असे शब्द वापरायला काही मोजावं लागत नाही. शब्द पुढे करायचे आणि त्यांच्या आडून आणखी एक दगड सरकवायचा. तुम्ही म्हणाल, एवढं चिडायला काय झालं? दगड वाहून बघा, मग सांगा.

असेच दिवस गेले. एका संध्याकाळी कुंभारणीने घरी येऊन कावड भिंतीला टेकवली आणि ती तिथेच उभी राहिली.

"आवं, हिकडं बगा. बांबू सरळ हुईना."

कुंभाराने चाकावरून मान वर केली. "दमला आसंल त्यो बी. सकाळपातूर हुईल."

सकाळ झाली. बांबू वाकडाच होता. फार नाही, जरासा. पण कालपर्यंत तो असा नव्हता. कुंभारणीने तो गुडघ्याखाली धरून दाबून पाहिला, उलटा करून पाहिला. सोडला की बांबू पुन्हा त्याच वाकड्या आकारावर यायचा. मग ती तो घेऊन बुरडाकडे गेली.

बुरूड म्हातारा होता. बांबूत त्याचा जन्म गेला होता. त्याने बांबू अंगणात सपाट जागी ठेवला. दोन्ही टोकं जमिनीला टेकली, पण मधल्या भागाखालून उजेड दिसत होता.

"किती भरतीयास गं यात?"

"दगड. शिगोशीग."

बुरडाने बांबूवरून अंगठा फिरवला आणि तो म्हणाला, "परतेक बांबूची येक हद्द आसती, पोरी. त्या हद्दीच्या आत कितीबी वाकिव, सोडला की मागारी येतो. हद्दीच्या पल्याड नेला की आतलं धागं जागा सोडत्यात. मग वजन काढलं तरी त्यो वाकडाच. आता ह्याच्याव आजून चढवलंस, तर मोडंल."

"मग हेच पाटलास्नी सांगा की, काका. माझं न्हाई ऐकत, तुमचं ऐकत्याल."

बुरडाने दाराकडे पाहिलं. त्याची स्वतःची कावड तिथे टेकलेली होती. बांबू पहिल्या दिवसासारखा सरळ होता आणि टोपल्यांच्या विणीत तूस अडकलेलं होतं.

"माझ्या वाट्याला तूस येतंय," तो खाली बघत म्हणाला. "ह्या वयात मला दगड सोसायचा न्हाई. तुला नवा बांबू देऊ का?"

"नव्याव बी तेवढंच दगड ना?" कुंभारीण म्हणाली आणि जुना बांबू उचलून निघाली.

पाटलाला बांबूतलं काही कळत नव्हतं, असं आपण धरून चालू. पण बुरडाला कळत होतं. ज्याला सगळं कळतं आणि तरी जो तोंड उघडत नाही, त्याला काय म्हणावं? गावात त्याला भला माणूस म्हणत.

कामावर गेल्यावर कुंभारीण सरळ चिंचेखाली पाटलापुढे जाऊन उभी राहिली. सगळे लोक कावडी भरून घेत होते.

"पाटील, माझी कावड तोलून बगा. आन् जावईबापूंची बी तोला. मग सांगा, दोनी सारख्या हैत का."

पाटील हसला. त्याने सगळ्यांना जवळ बोलावलं. हात लागू न देता कुंभारणीच्या टोपलीचं तोंड काठीने मोजलं, मग जावयाच्या टोपलीचं मोजलं. बाहेरून काठी उभी धरून खोली मोजली.

"तोंड तेवढंच. खोली तेवढीच. शीग तेवढीच. बोला रं, कुटं फरक हाय?"

"न्हाई, न्हाई," लोक म्हणाले.

"आवं, टोपलीत न्हाई, आत जे हाय त्यात फरक हाय!" कुंभारणीचा आवाज चढला. "टोपलीभर तूस आन् टोपलीभर दगड ह्ये येकच व्हय? डोळ्यांनी बगून काय कळनार? येकदा उचलून बगा!"

जावई मधेच म्हणाला, "आमची बी जडच हाय की. आमी बोलून दावतो का?" लोक हसले. पाटील तर इतका हसला, की त्याला ठसका लागला.

"उचला की मग," कुंभारीण म्हणाली. "पाटील, तुमीच उचला."

इथे गावाची आणखी एक रीत आडवी आली. दुसऱ्याच्या भरल्या कावडीला हात लावला, की ती हात लावणाऱ्याची व्हायची आणि त्यानेच ती बांधापर्यंत न्यायची. ही रीत घालणाऱ्यांच्या मनात काही चांगलं असेल. मदतीला हात पुढे केला तर अर्ध्यावर सोडायचं नाही, असं काही. पण झालं होतं ते भलतंच. गावात आजवर कुणीही दुसऱ्याच्या कावडीला हात लावला नव्हता, आणि त्यामुळे दुसऱ्याची कावड किती जड असते, हे कुणालाच माहीत नव्हतं. माहीत नसणं किती सोयीचं असतं!

पाटलाने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"रीत म्हंजे रीत, बाई. मी हात लावला तर कावड माझी हुनार. आन् मी कावड वाहाया लागलो तर गाव कोन सांबाळंल? जा, उनं चढायच्या आत खेप कर. न्हाईतर थांब. पान्याचं काय हुतं ते तुला ठाव हाय."

कुंभारीण वळली. तिने कावड खांद्यावर घेतली आणि डोंगर चढू लागली.

अर्ध्या वाटेवर एक अरुंद जागा होती. एका बाजूला उभा कडा, दुसऱ्या बाजूला घसरण आणि मधोमध कमरेएवढा एक खडक. दमलेली माणसं कावडीचा मधला भाग त्या खडकावर टेकवून दम घेत. कुंभारीण त्या जागेजवळ आली आणि तिच्या कानाशी बांबू करकरला. तिने एक पाऊल टाकलं. पुन्हा करकर झाली. आणखी वर जावं तर बांबू मोडणार, दगड मागच्या माणसांच्या डोक्यावर गडगडत जाणार. थांबावं तर पाणी बंद होणार. मागून जावई ओरडत होता, "ए, चल की म्होरं!"

कुंभारणीने बांबू खडकावर टेकवला. दोन्ही भरल्या टोपल्या दोन्ही अंगांना लोंबकळत राहिल्या. ती खांदा काढून बाजूला झाली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "मी ही हितं ठेवली! जो उचलंल त्याची!"

आणि ती उतरून घरी गेली.

कुणी उचलली का? छे! जावयाने पोट आत घेतलं, आपली कावड तिरकी केली आणि टोपलीला अंग लागू न देता तो खडकाला वळसा घालून पुढे गेला. त्याच्यामागून सगळे तसेच गेले. आपलं धोतर, आपला पदर, आपलं कोपर त्या कावडीला लागू नये म्हणून त्या माणसांनी जी काळजी घेतली, तेवढी त्यांनी त्या बाईची कधी घेतली नव्हती.

त्याच दिवशी कुंभाराच्या घराची पाळी बंद झाली. नदीच्या वाळूत झिरा खणून प्यायपुरतं पाणी मिळायचं, माती भिजवण्याइतकं नाही. चाक थांबलं.

"काय करून बसलीस ह्ये!" कुंभार कपाळाला हात लावून म्हणाला. "जरा सोसलं आसतं तर काय झालं आसतं?"

"सोसलं न्हवं का? किती सोसायचं त्येला काय माप हाय का न्हाई? बांबू मोडून, दोघातिघांची डोकी फुटून मी खाली आले आसते, म्हंजे बरं झालं आसतं?"

"मग आता माती कशानं भिजवायची?"

ती रडली. दुःखाने नव्हे, रागाने रडली. आपलं खरं असूनही आपलंच घर बसलं, या गोष्टीचा राग फार वाईट असतो. तो गिळता येत नाही आणि थुंकताही येत नाही.

तिकडे पाटलाला वेगळी काळजी लागली. दगड वाहणारी आणखी दोन घरं होती, एक धनगराचं आणि एक परटाचं. त्यांनीही कावडी ठेवल्या तर? पाटलाने दोघांना चिंचेखाली बोलावून घेतलं.

"तुमी शानी मानसं. तुमी त्या बाईवानी तोंड वाजवलं न्हाई. गाव अशा मानसास्नी इसरत न्हाई. उद्यापास्नं तुमाला तूस."

दोघांनी हात जोडले. दुसऱ्या दिवसापासून ते कुंभाराच्या घरावरून जाताना दुसरीकडे बघू लागले. मग माती वाहणाऱ्यांनाही वाटलं, की आपणही शहाणे आहोत. त्यांनी पाटलाच्या विनोदांना हसायला सुरुवात केली आणि त्यांच्याही टोपल्यांत मातीवर तूस, मग तुसात थोडी माती, असं होऊ लागलं.

कुणीतरी एकदा विचारलंही, "पाटील, वर दगड जाईना झालाय, चालंल का?"

"बांधाला किती टोपल्या लागत्यात ते ठरल्यालं हाय," पाटील म्हणाला. "टोपल्या जात्यात का न्हाई? मग झालं."

आणि बांध झपाझप चढला! हलक्या कावडी, भराभर खेपा. दरवर्षीपेक्षा लवकर काम संपलं. वरून मातीचा हात फिरवल्यावर बांध असा गुळगुळीत दिसू लागला, की बघत राहावं. पाटील म्हणाला, "ती बाई थांबली आन् गावाच्या कामाला जोर आला." या वाक्यालासुद्धा टाळ्या पडल्या.

ओढा सोडायच्या दिवशी सगळा गाव तळ्यावर जमला. हलगी वाजली, नारळ फुटला. पाटलाने स्वतः कुदळ घालून ओढ्याचं तोंड मोकळं केलं. पाणी तळ्यात उतरलं, पसरलं आणि बांधाला लागून वर चढू लागलं. लोक आनंदाने बघत होते.

थोड्या वेळाने पाण्यावर पिवळसर काहीतरी तरंगताना दिसलं. आधी चार-दोन कण, मग मूठभर, मग सगळा काठ भरून गेला. तूस होतं ते. तूस पाण्यात बसून राहत नाही, वर येतं. दगडाखाली दाबलेलं असतं तर गोष्ट वेगळी, पण वर दगडच नव्हते. बांधाच्या पोटातून तूस निघून जाऊ लागलं आणि त्याच्या जागी पाणी शिरू लागलं. बांध पाण्यात भिजलेल्या भाकरीसारखा फुगला, मऊ पडला, मधोमध खचला आणि लोकांच्या डोळ्यांदेखत वाहून गेला.

सगळं पाणी पाटलाच्या केळीच्या बागेतून नदीला जाऊन मिळालं. लोक वरच्या अंगाला उभे होते म्हणून जीव कुणाचा गेला नाही. तळ्यात चिखल उरला आणि त्या चिखलावर सगळीकडे तूस पसरलेलं होतं.

आता मात्र गाव घाबरलं. ओढ्याची धार बारीक होऊ लागली होती. ती आटायच्या आत बांध पुन्हा उभा करायचा होता आणि या वेळी दगडच हवे होते. पण दगड कोण वाहणार? जावई म्हणाला, त्याची पाठ धरली आहे. भावकी म्हणाली, त्यांना सवय नाही. धनगर आणि परीट एकमेकांकडे बघू लागले. मग सगळ्यांना एकदम एकच नाव सुचलं. निर्लज्जपणाला काही हद्द नसते, ती फक्त बांबूला असते.

पाटील अख्खा गाव घेऊन कुंभाराच्या दारात आला. आवाज अगदी मऊ.

"झालं गेलं इसरून जा, बाई. तुझी पाळी आत्ताच्या आत्ता चालू. तुझ्यावानी दगूड वाहनारं गावात कोन न्हाई. तू सोशीक हायेस. रागावनं तुला शोभत न्हाई."

कुंभारीण उंबऱ्यात उभी राहिली.

"इसरू? ओल्या मडक्याव बोट उमटतंय, ते भाजल्याव इसरून जातंय व्हय? मी ओरडत हुते तवा तुमी टोपल्याची तोंडं मोजलीसा. माझं चाक थांबलं तवा ह्यातला येकबी मानूस दारात आला न्हाई. आता तुमच्या घशाला कोरड पडली, तवा मी सोशीक!" ती अंगणात उतरली. "चला. कावड हाय तितंच हाय. चला बगू."

ती पुढे आणि सगळा गाव मागे, असे ते डोंगराच्या वाटेवर त्या खडकापाशी आले. कावड तशीच होती. इतके दिवस दगडांचा भार बांबूच्या दोन्ही टोकांना खाली ओढत होता. बांबूची पार कमान झाली होती.

"उचल की, बाई," पाटील म्हणाला.

"मी ठेवली हाय. उचलंल त्येची. तुमी उचला."

"आगं, पन रीत..."

"रीत म्हंजे रीत," मागून धनगर म्हणाला. त्याचाही घसा कोरडा पडलेला होता. कुणी हसलं नाही. सगळे पाटलाकडे बघत राहिले आणि पाटलाला मागे फिरायला वाट उरली नाही.

पाटलाने पागोटं काढून जावयाच्या हातात दिलं. तो वाकला आणि खांदा बांबूखाली घालून त्याने जोर लावला. कावड हलली नाही. त्याने पाय रोवून पुन्हा जोर लावला. टोपल्या जरा हलल्या, त्याचे डोळे बाहेर आले, आणि कावड होती तिथे टेकवून तो मटकन खाली बसला.

"जड हाय," तो धापा टाकत म्हणाला.

"जड हाय!" लोकांत कुजबुज सुरू झाली. "पाटील म्हंत्यात, जड हाय!" पाटलानेच हात लावल्यावर रीतीची भीती उरली नाही, आणि एकेक जण पुढे आला. जावयाने हात लावून बघितला, परटाने बघितला, बुरडानेही बघितला, जसं काही त्याला आजच कळत होतं. "खरंच की! लई जड हाय!" ते एकमेकांना सांगू लागले. कुंभारीण हेच सांगत होती. तिने चिंचेखाली सांगितलं होतं, उचलून बघा म्हणून विनवलं होतं, शेवटी डोंगरात ओरडून सांगितलं होतं. पण तो शब्द पाटलाच्या तोंडून बाहेर पडला, तेव्हाच गावाला तो खरा वाटला.

पाटलाने आपल्या हाताने एकेक दगड बाहेर काढला. टोपल्या रिकाम्या झाल्या. सगळे बांबूकडे बघत उभे राहिले. आता तो पूर्वीसारखा सरळ होईल, असं त्यांना मनापासून वाटत होतं. बांबू सरळ झाला नाही. तसाच कमानीसारखा खडकावर पडून राहिला.

"जरा दम धरा, हुईल," पाटील म्हणाला.

"आता कितीबी दम धरा," कुंभारीण म्हणाली आणि डोंगर उतरू लागली.

त्यानंतर चिंचेच्या फांदीला तराजू टांगला गेला. कावडी तोलून भरल्या जाऊ लागल्या, आणि पाटलाच्या घरची कावड पाटलाच्या खांद्यावर आली. बांध उभा राहिला, पण उशीर झाला होता. त्या उन्हाळ्यात तळं अर्धंच भरलं आणि सगळ्यांना पाणी जपून वापरावं लागलं. कुंभाराकडे त्याच्या वाटणीचं पाणी आलं, माती भिजली, चाक फिरू लागलं.

कुंभारीण मात्र पूर्वीसारखी झाली नाही. ती मडकी विकायची, विचारलं तेवढं बोलायची. कुणी काम सांगितलं की आधी विचारायची, "वजन किती?" कुणी 'बाई सोशीक आहे' म्हणायला लागलं, की मडकं हातात घेऊन ती त्याच्याकडे अशी बघायची, की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. गावाला हे आवडलं नाही. बाई फार कडू झाली, असं लोक म्हणू लागले. त्या बांबूचा विषय निघाला तर अजूनही कुणीतरी म्हणतं, बांबूच मुळात कमअस्सल असणार.

तात्पर्य: टोपल्या सारख्या दिसल्या म्हणून ओझी सारखी होत नाहीत, ती तोलूनच पाहावी लागतात. आणि वाकून पुन्हा सरळ होणाऱ्यावर आणखी भार टाकण्याआधी त्याची करकर ऐकावी; हद्द ओलांडल्यावर सगळे दगड काढून घेतले, तरी गेलेला आकार परत येत नाही.